गुरुजींची वेबसाइट आणि माझं सिंगापूर

गेली चार वर्षं मी सिंगापूरला राहतो, आणि तेही नाशिकच्या इंदिरानगरमधल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमधून. ही किमया साधलेला पृथ्वीतलावर मी एकटाच असेन. माझ्या भिंतीवर दोन घड्याळं आहेत. एक इथलं, दुसरं अडीच तास पुढचं. गावाकडे मोठ्या भावाशी बोलायचं असलं की मी पुढच्या घड्याळाखाली खुर्ची ओढून बसतो.

झालं असं, की पुण्यातली माझी कंपनी मला सिंगापूरला पाठवणार होती. तापीकाठच्या आमच्या गावात बातमी पोचली आणि गावाने जे काही केलं ते पाहून खुद्द सिंगापूर लाजलं असतं. शाल झाली, नारळ झाला, मारुतीच्या पारावर भाषणं झाली. वडिलांनी इतके पेढे वाटले की पुढचे पंधरा दिवस गावात कोणी चहात साखर घातली नाही. आणि विमानाला आठ दिवस उरले असताना कंपनीने तो सगळा प्रकल्पच गुंडाळला, त्यात मलाही गुंडाळलं. आता पेढे परत मागणार कसे? मी बॅग भरली, सगळ्यांना टाटा केला आणि नाशिकला उतरलो. पुण्यात गावची पोरं फार होती. नाशिकलाही आहेतच, सिडकोत तर अर्धा खानदेश राहतो. म्हणून मी हायवेच्या बोगद्याच्या अलीकडे, इंदिरानगरात जागा घेतली आणि बोगद्यापलीकडे सिडकोत जाणं सोडून दिलं. चार महिन्यांत दुसरी नोकरी लागेल, मग खरं काय ते हसत हसत सांगू, असा बेत होता. चार महिन्यांची चार वर्षं झाली.

दादा आठवड्यातून एकदा नेटवरून कॉल करतो. ‘साधा फोन इकडे लागत नाही’ असं मीच त्याला पढवून ठेवलंय. त्याचा पहिला प्रश्न ठरलेला, आमच्या अहिराणीत: “तठे कितला वाजनात?” तिकडे किती वाजले. मी वर बघून सांगतो. मग तो तिकडचा पाऊस विचारतो. सिंगापूरचा पाऊस मी इतका चोख सांगायचो की तिथल्या वेधशाळेने माझ्याकडे शिकवणी लावावी. एकदा बोलता बोलता खाली भाजीवाली ओरडली, “मेथी घ्या, कोथिंबीर.” “मेथी?” दादा म्हणाला. मी म्हटलं, “इकडे आपली माणसं फार आहेत रे.” त्याला केवढा आनंद झाला. तेव्हापासून कॉल आला की मी आधी खिडक्या लावतो. खिडक्या लावून, पंख्याखाली, नसलेल्या देशाबद्दल बोलायचं आणि फोन ठेवला की खोलीत एवढी शांतता होते की दोन्ही घड्याळं वेगवेगळी ऐकू येतात.

पोटासाठी मी वेबसाइटी तपासतो. कोणी सर्चमध्ये काही शोधलं तर तुमची साइट कितवी येते, येत नसेल तर का नाही, आणि काय केलं तर येईल, याचा अहवाल लिहून देतो. आजवर तपासलेल्या साइटी ओळीने उभ्या केल्या तर रांग त्र्यंबकेश्वरला पोचेल आणि सातपूरला ट्रॅफिक तुंबेल. पिंपळगावच्या एका द्राक्षवाल्याची साइट इतकी मंद होती की ती उघडेपर्यंत द्राक्षांचे मनुके झाले. एका फुलवाल्याने पहिल्या पानावर गुलाबाचा इतका मोठा फोटो टाकला होता की तो आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये मावला नसता. अशा लोकांना मी बरं करतो. जगाला सापडत नाहीत त्यांना सापडवून देणं हा माझा धंदा, आणि तो मी खिडक्या लावून करतो.

या हिवाळ्यात पंचवटीतून एका बाईंचा फोन आला. त्यांचे सासरे तीर्थोपाध्याय, म्हणजे बाहेरगावहून रामकुंडावर येणाऱ्या यजमानांचे विधी करणारे गुरुजी. बाई स्वतः नोकरी करणाऱ्या, बोलणं टापटीप. “सर, सिंहस्थ जवळ आलाय. बाबांची साइट आहे, पण तिच्यावरून एक फोन येत नाही. काय चुकतंय बघाल का?”

मी गेलो. रामकुंडापासून दोन गल्ल्या आत, नव्या इमारतीत दुसरा मजला. बैठकीच्या खोलीत सोफा, टीव्ही, आणि भिंतीभर हिरवी लोखंडी कपाटं, सरकारी कचेरीत असतात तशी. गुरुजी सत्तरीचे, किडकिडीत, नाकावर चष्मा, अंगात स्वेटर. त्यांनी मला बसायलाही सांगायच्या आधी विचारलं, “गाव कोणतं?”

तीर्थोपाध्यायांची ही पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. दारात माणूस आला की गाव आणि आडनाव. ती मला ठाऊक नव्हती असं नाही. पण खरं गाव सांगायची माझी सवय मोडली होती. मी म्हटलं, “आमचे पूर्वज पेशव्यांच्या हत्तींचे माहूत. हत्ती जिथे बसला तिथे आम्ही राहिलो. नक्की गाव असं नाही.”

“कोणता हत्ती?” गुरुजी म्हणाले.

“पांढरा.”

“अस्सं,” म्हणून त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि सुनेला चहा टाकायला सांगितलं.

मी लॅपटॉप उघडला. गुरुजी म्हणाले, “तुम्हाला बोलावलंय हिने. माझं म्हणणं, साइटला काही झालेलं नाही. मी रोज सकाळी संध्या झाली की फोनवर ‘नाशिक तीर्थोपाध्याय’ टाकतो. आपली साइट पहिली येते. पहिली म्हणजे पहिली.” त्यांनी फोन काढून दाखवलंही. खरोखर पहिली.

“मग लोक का फोन करत नाहीत, बाबा?” सूनबाई आतून म्हणाल्या.

“लोकांचा आळस.”

आता हे दुखणं मी शंभर ठिकाणी पाहिलंय. माणूस रोज स्वतःचीच साइट शोधतो, रोज तिच्यावरच बोट ठेवतो, आणि फोनला कळतं की याला हेच हवंय. मग फोन त्याला तेच सगळ्यात वर दाखवतो. तो माणसाचं मन राखतो. बाकी जगाला काय दिसतं ते वेगळंच. मी माझ्या लॅपटॉपवर, कोणाचीच ओळख न ठेवणाऱ्या कोऱ्या खिडकीत तेच शब्द टाकले आणि गुरुजींपुढे धरले. पहिलं पान गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्यावर एक हॉटेल होतं, दोन ट्रॅव्हलवाले होते. चौथ्या पानावर, खालून दुसरी, गुरुजींची साइट.

गुरुजींनी त्या ओळीवर बोट ठेवलं. “म्हणजे रोज सकाळी बघणारा मी एकटाच?”

इथे मी काहीतरी फुगवून सांगायला हवं होतं, तेवढी माझी ख्याती आहे. पण त्यांच्या हातात तो फोन अजून तसाच होता, उजळलेला. मी म्हटलं, “महिन्याला तीस-एकतीस जण येतात, गुरुजी.”

ते हसले. “महिन्याला दिवसही तेवढेच.”

मग आम्ही कामाला लागलो. साइट पाहुणेमंडळींपैकी कोणीतरी बनवली होती आणि प्रेमाने बनवली होती, हे लगेच कळत होतं. प्रत्येक पानाचं नाव एकच, ‘स्वागत’. आतला मजकूर म्हणजे लग्नपत्रिकेसारख्या छापलेल्या कार्डाचे फोटो. आपल्याला अक्षरं दिसतात, यंत्राला नुसतं चित्र दिसतं. त्याच्या लेखी ती पानं कोरी. आणि सर्वत्र ‘सर्व धार्मिक विधी शास्त्रोक्त पद्धतीने केले जातील’, हे वाक्य तर नाशिकच्या निम्म्या साइटींवर आहे.

“लोक येतात तेव्हा काय विचारत येतात?” मी गुरुजींना विचारलं.

“काय विचारणार? आमच्या गावचे उपाध्ये कोण, एवढंच. बसस्टँडवर उतरले की गाव सांगतात, रिक्षावाला आणून सोडतो.”

“आणि तुम्ही?”

त्यांनी कपाट उघडलं. आत लांबट वह्या, लाल कापडात बांधलेल्या, आडव्या रचलेल्या. “कोणतंही गाव सांगा.” मी उगाच बुलडाण्याकडचं एक गाव सांगितलं. “आडनाव?” मी एक ठोकून दिलं. दीड मिनिटात वही समोर, पान उघडलेलं, आणि त्या आडनावाचे सहा पिढ्यांचे लोक आपापल्या हाताने सह्या करून बसलेले. कोणी आलं की तो स्वतःच्या हस्ताक्षरात लिहितो: कोणाला घेऊन आलो, कोणाच्या अस्थी, घरात कोण कोण, भाऊ किती, ते कुठे असतात.

दीड मिनिट. जाहिरात नाही, परवानगीच्या पाट्या नाहीत, ‘आपण रोबो नाही ना’ नाही. माझा सगळा धंदा तिथल्या तिथे पाण्यात गेला. पण त्याच क्षणी उपायही सापडला. लोक गाव शोधतात आणि साइटवर गावच नाही. प्रत्येक तालुक्याचं एक पान करायचं, त्यावर गुरुजींकडे असलेल्या गावांची नावं साध्या अक्षरांत. वहीतलं काही नाही. गुरुजींनी तेवढं आधीच बजावलं होतं, “माणसं नेटवर जायची नाहीत. गावं जाऊ देत.”

दुसऱ्या दिवशी दुपारी गुरुजी अनुक्रमणिकेची वही घेऊन बसले आणि मी टाइप करत गेलो. ते गाव सांगत, मी बडवत असे. माझी बोटं अशी चालतात की शेजारच्या गल्लीत लोक पापड वाळत टाकतात, वारा सुटलाय म्हणून. अकोला झालं, जळगाव सुरू झालं. गुरुजी एका सुरात वाचत होते. चोपडा, मग अमळनेर. आणि मग त्यांनी माझं गाव वाचलं.

माझ्या मनात कधी आलंच नव्हतं. ‘आपले उपाध्ये नाशिकला’ हे वडील म्हणायचे, पण कोणते, कुठे, ते मी कधी विचारलं नाही.

“लिहा ना,” गुरुजी म्हणाले.

मी लिहिलं. पुढची दोन गावंही लिहिली. मग म्हटलं, “मघाचं ते गाव… तिथला एक मित्र आहे माझा. त्याच्या घरचं काही असेल का वहीत?”

“आडनाव?”

मी सांगितलं. ते माझंच होतं. आल्या आल्या त्यांच्या हाती दिलेल्या माझ्या अहवालाच्या पहिल्या पानावर छापलेलं होतं, आणि तो अहवाल त्यांच्या मांडीखाली दबला होता. पण त्या वेळी मला त्याचं भान नव्हतं.

त्याआधी तुम्हाला एक सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी वडील गेले. दादाचा फोन आला, आणि मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, “तू नको येऊ भाऊ, इतल्या लांबून. मी शे ना आठे.” मी आहे ना इथे. मग दहाव्याच्या आधी अस्थी घेऊन नाशिकला जातो म्हणाला. तो ज्या दिवशी आला त्या दिवशी मला ताप होता, असं मी स्वतःला सांगत आलोय. आता इथेही तेच लिहिणार होतो. ताप वगैरे काही नव्हता. सकाळी आंघोळ करून मी रिक्षात बसलो होतो. वाटेतल्या द्वारका चौकाच्या सिग्नलपर्यंत गेलो. सिग्नल हिरवा झाला आणि मी रिक्षावाल्याला म्हटलं, फिरव. इंदिरानगर ते रामकुंड, वीस मिनिटांचं अंतर. घरी येऊन खिडक्या लावल्या आणि पुढच्या घड्याळाखाली बसून दादाच्या कॉलची वाट पाहिली. संध्याकाळी तो आलाही. “झालं सगळं नीट,” तो म्हणाला. “नाशिकला ऊन लय होतं. तठे?” मी म्हटलं, पाऊस.

गुरुजींनी वही समोर ठेवली. आजोबांची ओळ होती, खाली वडिलांचं गिरगटलेलं अक्षर. त्याच्या खाली दादाचं, ठसठशीत, दाबून लिहिलेलं, शाळेत फळ्यावर सुविचार लिहायचा तसं. वडिलांचं नाव, गेल्याची तिथी, स्वतःची बायको, दोन मुलं. मग: ‘धाकटा भाऊ सिंगापूर येथे मोठ्या कंपनीत साहेब आहे. कामामुळे येणे झाले नाही. त्याच्या वतीने पाणी मी सोडले.’

मी ते वाचलं. परत वाचलं. मी आयुष्यात लाख थापा मारल्या असतील, पण त्या हवेत सोडलेल्या. ही एक शाईने लिहिली गेली होती, आजोबांच्या ओळीखाली, आणि ती लिहिणारा खोटं बोलत नव्हता.

“आठवतात मला ते,” गुरुजी म्हणाले. “पाणी सोडताना त्यांनी ओंजळ दोनदा भरली. मी म्हटलं, एकदा पुरे. म्हणाले, ही माझी झाली, आता धाकट्याची. डोळे पुसायला त्यांच्याकडे उपरणं नव्हतं, माझंच दिलं.” मग म्हणाले, “तुमचा मित्र सिंगापूरलाच आहे ना अजून?”

“हो.”

“बरं चाललंय त्याचं?”

“म्हणजे, माणसं फारशी नाहीत त्याला तिकडे.”

गुरुजींनी मान हलवली. सूनबाई कामावर गेल्या होत्या. बाहेर कुणीतरी जिन्यातून बादली घेऊन चढत होतं. मी म्हटलं, “गुरुजी, यातलं काही चुकीचं असेल तर? साइटवर आम्ही पान उघडतो, बदलतो, मागचं कुणाला दिसतही नाही.”

“इथे खोडत नाहीत,” ते म्हणाले. “इथे कोणाला वारस दाखवलंय, कोणाला नाही, ते बघायला कोर्टात जातात या वह्या. चूक असली तर खाली नवी ओळ. ज्याची त्याने, स्वहस्ते.” त्यांनी पेन काढून वहीच्या घडीत ठेवलं.

“मित्राच्या वतीने लिहिलं तर चालेल?”

“पाणी वतीने सोडता येतं,” गुरुजी म्हणाले. “ओळ नाही.” मग मांडीखालून अहवाल काढून त्यांनी तो अलगद बाजूला ठेवला, आडनाव वर. “अहो, आज तुम्ही दीडशे गावं लिहिलीत. त्या एका गावाखेरीज कुठे बोटं थांबली नाहीत. आणि पेशव्यांकडे पांढरा हत्ती असता तर आमच्या वहीत असता.”

मी पेन घेतलं. हात इतका जड झाला होता की जणू हत्तीचा पाय उचलतोय. हे मात्र फुगवून सांगत नाही. लिहिलं: ‘धाकटा मुलगा. राहणार इंदिरानगर, नाशिक. अस्थी आल्या त्या दिवशीही इथेच होतो.’ खाली फोन नंबर. सही करताना अक्षर दादाच्या अक्षरासारखं आलं, माझं तसं येतं हे मला माहीत नव्हतं.

गुरुजींनी शाई वाळेपर्यंत वही उघडी ठेवली. “आता तुमचे बंधू पुढच्या वेळी आले की मी त्यांना हे वाचून दाखवीन.”

“कधी येतील ते?”

“आमच्याकडे कोण कधी येतं?” ते म्हणाले. “घरातलं कोणी गेलं की.”

त्यांनी हे अगदी साधेपणाने सांगितलं, दुकान कधी उघडतं ते सांगावं तसं. गावी आई आहे. गुडघे सोडले तर ठणठणीत. मी लॅपटॉप बंद केला. उरलेली गावं उद्या घेऊ म्हणालो. गुरुजी दारापर्यंत आले आणि म्हणाले, “चौथ्या पानावर थांबू नका तुम्ही.” ते साइटबद्दल म्हणत होते की कशाबद्दल, मी विचारलं नाही.

खाली उतरून मी घाटाच्या पायऱ्यांवर बसलो. ऊन कलतं होतं. समोर एक कुटुंब पाण्यात उभं, एक जण ओंजळ भरत होता. दोन वर्षांपूर्वी मी इथे वीस मिनिटांत पोचलो असतो. फोन काढला. सवयीने नेटच्या कॉलवर बोट गेलं. ते मागे घेतलं आणि चार वर्षांत पहिल्यांदा दादाचा नंबर साधा फिरवला. आजूबाजूला घंटा वाजत होत्या, कोणी फुलं विकत होतं, कोणी मंत्र म्हणत होतं, आणि लावायला खिडकी नव्हती.

दोन रिंगमध्ये उचलला. मागे आमच्या गोठ्यातली म्हैस ओरडली.

“भाऊ? हा साधा फोन कसा काय लागला?” घाबरला होता तो. “सगळं बरं शे ना?”

“बरं शे.”

“मग? तठे कितला वाजनात?”

वर बघायला घड्याळ नव्हतं. साडेसहा जिभेवर आलेच होते. मी मनगटावर पाहिलं.

“चार,” मी म्हटलं. “चार वाजनात, दादा.”

माझ्या मागे घंटा वाजली, ती त्याला ऐकू गेली असणार.

“आठे बी चारच वाजनात,” तो हळू म्हणाला.

मग म्हशीचा आवाज लांब गेला, तो गोठ्याबाहेर आला असावा. पण फोन त्याने ठेवला नाही.